मदत हवी आहे: पुण्याजवळ काजवे, पण चढण नको (वडील ७६ वर्षांचे)

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. आमची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे अण्णा घरी नसण्याचे दिवस. मे महिन्यात जादा गाड्या सुटायच्या, डबल ड्युटी लागायची, रजा मिळायची नाही. लग्नाची वऱ्हाडं, जत्रेकरी, मामाच्या गावाला निघालेली पोरं, सगळ्यांना त्यांनी पोचवलं. आम्हा भावंडांना घेऊन मात्र त्यांना एकाही उन्हाळ्यात कुठे जाता आलं नाही. ते हे कधी बोलून दाखवत नाहीत, पण मला आता ते फार लागतं.

दिवाळीनंतर त्यांची बायपास झाली. प्रवासाला डॉक्टरांची हरकत नाही, फक्त सलग दोन तासांच्या वर बसायचं नाही, चढायचं नाही, उन्हात फिरायचं नाही. म्हणून यंदा लांबची ट्रिप न काढता दर रविवारी जवळपास कुठेतरी जातोय. मी, बायको, आई, अण्णा, माझी मुलगी आणि सुट्टीला आलेला भाचा.

पहिल्या रविवारी नसरापूरचं बनेश्वर केलं. सकाळी आठला पोचलो, गर्द सावली होती, पोरं कुंडातले मासे आणि कासवं बघत तासभर हलली नाहीत. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती झाडाखाली बसून खाल्ली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जरूर जा.

दुसऱ्या रविवारी सासवडला संगमेश्वर. येताना दिवे घाट उतरत होतो. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा आणि वळण संपलं की सैल पडायचा. तोंडाने एक अक्षर नाही. मी त्यांच्या पायाकडे बघून गाडी हळू करत गेलो. खाली उतरल्यावर म्हणाले, "बरी चालवतोस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिसरी सहल फसली. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला निघालो, पण घरातूनच साडेनऊ वाजले. गाडी आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगहून आणलेली, तरी खंबाटकी चढताना एसी बंद पडला. भाच्याला उलटी झाली, अण्णांना गरगरायला लागलं. घाट उतरून एका आंब्याखाली थांबलो, पन्हं दिलं, तासाभराने परत फिरलो. चूक माझीच, उन्हाळ्यात सहाच्या आत घर सोडायलाच हवं.

आता मुख्य प्रश्न. अण्णा कधीकाळी वेल्ह्याकडच्या एका गावाच्या मुक्कामी गाडीवर होते. रात्री गाडी लावून टपावर झोपायचे. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, समोरचं सादड्याचं झाड आख्खं काजव्यांनी भरायचं. सगळे एकदम पेटायचे आणि एकदम विझायचे. "तुम्हाला दाखवायचं होतं," एवढंच ते गेल्या आठवड्यात बोलले. त्या गावाला आता जाऊन आलो, ते झाड राहिलेलं नाही.

भंडारदरा माहीत आहे, पण पुण्याहून ते लांब पडतं आणि तिथली गर्दी त्यांना झेपायची नाही. राजमाचीचा रस्ता त्यांच्या प्रकृतीला जमणार नाही. तर भोर, वेल्हे, मुळशी या भागात अशी जागा आहे का, जिथे गाडी थेट जाते आणि खुर्ची टाकून बसल्या जागी काजवे दिसतात? अमावास्येच्या आसपासची रात्र धरणार आहे. टॉर्च आणि फ्लॅश अजिबात वापरणार नाही, मुलांनाही तसं बजावलंय. जवळ साधं घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय असेल तर फारच बरं. रात्री घाटातून परतायचं नाही. ठिकाण इथे जाहीर लिहायला नको वाटत असेल (गर्दी होऊन काजवे जातात, पटतं मला), तर व्यनि (खासगी निरोप) करा.

बाकी दोन प्रश्न लहान आहेत.

लिंबच्या विहिरीत आत उतरायला पायऱ्या किती आणि कशा आहेत? वीरूबाई भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधून घेतली, आतमध्ये भर उन्हात गारवा असतो असं आई सांगते. अण्णांना वरच्या वर बसून तरी काही दिसेल का?

आणि शेवटचा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली. यंदा १ जूनला अण्णांना त्याच मार्गावर लाल गाडीने न्यायचं ठरवलंय, सगळे मिळून. ७५ च्या पुढे असल्याने त्यांना तिकीट नाही, आई, बायको अर्ध्या तिकिटात. सकाळची पहिली साधी गाडी साधारण किती वाजता असते? आणि आरक्षण करताना कोणत्या नंबरची सीट घेऊ, म्हणजे त्यांना ड्रायव्हरच्या काचेतून समोरचा रस्ता दिसेल?