स्पर्मिडीन : कॅप्सूल घ्यावी की ताट सुधारावे?

लोकमान्यनगरकर :
आपल्या ज्येष्ठांच्या बैठकांत हल्ली स्पर्मिडीनच्या कॅप्सूलची चौकशी होऊ लागली आहे, म्हणून हा विषय मांडतो. स्पर्मिडीन हे नैसर्गिक द्रव्य प्रत्येक पेशीत असते आणि वयाबरोबर बहुतेक ऊतींत घटत जाते. पेशी स्वतःतले निकामी भाग मोडून पुन्हा वापरते, त्या ऑटोफॅजीला ते चालना देते. ही प्रक्रिया कशी चालते हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. यीस्ट, फळमाशी आणि सूत्रकृमी यांचे आयुष्य स्पर्मिडीनने वाढल्याचे २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी दाखवले. ते मिळते मात्र अगदी साध्या जिन्नसांत : गव्हाचा अंकुर (मोड नव्हे, दाण्यातलाच बीजांकुराचा भाग), सोयाबीन, मटार, मशरूम, मुरवलेले चीज. ज्या इंदुरात देशाची सोयाबीन संशोधन संस्था आहे आणि ज्या माळव्यात शेतेच्या शेते सोयाबीनची, तिथल्या घरांत सोयाबीन येते ते बहुधा तेलाच्या रूपाने, आणि तेलात स्पर्मिडीन जवळजवळ उतरतच नाही. म्हणून माझे मत असे, की कॅप्सूल नको, ताट सुधारावे.

सुदामानगर :
मला हे पटत नाही. ज्यांना कवळी आहे, ज्यांना डाळीनेही पोट फुगते, त्या ऐंशीच्या घरातल्या माणसांना उसळी खा म्हणणे सोपे आहे. मोजलेली मात्रा हा कॅप्सूलचा खरा फायदा आहे. शिवाय इटलीतल्या ब्रुनेक गावी ८२९ जणांचा आहार सुमारे वीस वर्षे नोंदवला गेला आणि अधिक स्पर्मिडीन खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, हे आपण सांगितलेच नाही.

राजेंद्रनगरकर :
ब्रुनेकचा दाखला कॅप्सूलच्या बाजूने देता येत नाही, कारण तिथे लोकांनी अन्न खाल्ले होते. आणि अन्नाच्या बाजूनेही तो बेताचाच आहे. भाज्या, कडधान्ये आणि कोंड्यासकट धान्य खाणारा माणूस इतर बाबतींतही स्वतःला जपतो, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यायचे हे केवळ निरीक्षणातून ठरत नाही. कॅप्सूलची कसोटी बर्लिनमध्ये लागली : स्मरणशक्ती कमी होत असल्याचे जाणवणाऱ्या १०० ज्येष्ठांना वर्षभर रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन किंवा निष्क्रिय कॅप्सूल दिली, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्मरणशक्तीत फरक दिसला नाही.

सुदामानगर :
मात्रा फारच कमी होती. एवढ्यावरून दार बंद करू नये.

लोकमान्यनगरकर :
मात्रा कमी होती हे मान्य, पण तोच हिशेब अन्नाला लावून पाहा. गव्हाच्या अंकुरात किलोमागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक स्पर्मिडीन असते, म्हणजे ०.९ मिलिग्रॅमसाठी जेमतेम चमचाभर अंकुर पुरतो, आणि तो कवळीवाल्यांच्या पातळ खिरीतही चालतो. मैद्यात हा अंकुर उरत नाही. चक्कीवर दळलेल्या कणकेत राहतो. सोयाबीन रात्रभर भिजवून, साले चोळून काढून नीट शिजवले की त्याचा उग्र वास जातो, आणि मग ते वाटून थालीपिठाच्या भाजणीत मिसळता येते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कर्करोगाच्या गाठींतल्या पेशीही वाढीसाठी स्पर्मिडीनच्याच गटातली द्रव्ये वापरतात. या द्रव्यांची निर्मिती रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूरोब्लास्टोमा या बालकर्करोगासाठी मान्यता मिळाली. म्हणून ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा होऊन गेले आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.