मदत हवी आहे: "आमच्यात गणित नाहीच" हे लेकीच्या डोक्यातून कसं काढू?

माझी मुलगी सातवीत आहे. परवा तिचा चाचणीचा पेपर हातात आला. शेकडेवारीच्या उदाहरणात बरोबर उत्तर लिहून तिने ते खोडलं होतं, इतकं जोर लावून की कागद विरला होता. वर चुकीचं उत्तर. का खोडलंस विचारलं, तर म्हणाली, "आई, मला एवढ्या पटकन आलं म्हणजे ते चुकलंच असणार."

हे वाक्य तिचं नाही, आमचं आहे. आजी, मावशी, मी, सगळ्यांनी तिच्यासमोर शंभरदा म्हटलंय, "आपल्याकडच्या मुलींना गणित जमत नाही." मी स्वतः त्याच भीतीने दहावीनंतर आर्ट्सला गेले. मला त्याची आजही खंत वाटते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात केलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं. भुलभुलैयाची कोडी सोडवताना, जात जाहीर केलेली नसताना दलित मुलं उच्चवर्णीय मुलांच्या बरोबरीने सोडवत होती. ज्या गटांत सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली, तिथे दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. दोन्हीकडे मुलं सारखीच होती हो! वाचून पोटात कालवलं.

घरात ते वाक्य आता बंद केलंय. पण तिच्या मनात ते रुजलंय, त्याचं काय करू? "तू हुशार आहेस" म्हटलं की ती आणखी मिटते. कुणी शिक्षक, समुपदेशक, किंवा यातून गेलेले पालक असाल तर कृपया सांगा, रोज नेमकं काय केलंत? आणि आजीला न दुखावता कसं समजावलंत?