जुनी इनोव्हा: दिल्ली पासिंग २०१५ घ्यावी की एमएच-१५ची २०१२?

द्राक्षबाग_पिंपळगाव

नमस्कार मंडळी,

आम्ही पिंपळगाव बसवंतचे. घरात आजीपासून पुतणीपर्यंत आठ माणसं आणि दारात एक छोटी हॅचबॅक. वणीच्या गडावर जायचं म्हटलं की दोन फेऱ्या, नाहीतर भाड्याची गाडी. २०२७ला सिंहस्थ आहे, तेव्हा विदर्भातले सगळे पाहुणे आमच्याकडेच उतरणार. म्हणून यंदा मालाचे पैसे हातात आले की मोठी गाडी घ्यायचं घरात ठरलंय. बजेट सहा लाखांच्या आसपास.

दोन इनोव्हा बघून आलो. दोन्ही २.५ डिझेल. एक २०१५ची, दिल्ली पासिंग, मीटरवर ९० हजार, रंग एकदम चकाचक, डीलर पाच लाखाला द्यायला तयार. दुसरी २०१२ची, एमएच-१५, नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षकांची. पहिलेच मालक, पण २ लाख १० हजार किलोमीटर झालेत. साडेपाच म्हणतात आणि एक रुपया सोडत नाहीत. भाऊ म्हणतो दिल्लीची घे, तीन वर्षांनी नवी आहे आणि स्वस्तही. वडील म्हणतात टोयोटा आहे, कुठलीही घे, ती काही मरत नाही.

हे "मरत नाही" कितपत खरं आहे? या कंपनीत असं काय आहे की सगळे तेच बोलतात? आणि २ लाखाचं मीटर बघून घाबरायचं की नाही? ज्यांनी वर्षानुवर्षं वापरली आहे त्यांनी सांगावं.

सातपूर_एमएच१५

जुन्या डिझेलच्या नादी कशाला लागतोस? थोडं कर्ज काढ आणि टोयोटाचीच नवी रुमियन सीएनजी घे. अर्टिगाचीच बहीण आहे, वॉरंटी मिळेल, खर्च कमी. फक्त सीएनजीची टाकी मागे बसते, सात माणसं बसली की सामान वर कॅरियरवरच टाकावं लागेल. तुमची माणसं आठ, हेही बघ.

मालेगाव_ते_मुंबईनाका

भाऊ, मी टुरिस्ट लाइनमधला माणूस. आधी टोयोटाचीच क्वालिस, मग इनोव्हा, आता मुलगा क्रिस्टा, म्हणजे नव्या पिढीची इनोव्हा, चालवतो. शिर्डी, त्र्यंबक, मुंबई एअरपोर्ट, हीच आमची रोजची वाट. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या वडिलांचं बोलणं घेऊ. मी मूळचा मालेगावचा, घरी यंत्रमाग होते. साध्या मागाला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला कळत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळत राहतो, कापड विणलं जात राहतं आणि त्यात लांबच लांब रेघ पडत जाते. तागा तपासताना व्यापारी त्या रेघेचे पैसे कापायचा. वडील दोन मागांच्या मधून फिरताना कुणाशी बोलत असले तरी नजर ताण्यावर असायची.

टोयोटाची सुरुवात याच दुखण्यातून झाली. साकिची टोयोडा हे सुताराच्या घरात १८६७ साली जन्मले. १८९१ला त्यांनी लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं मागावरच घालवली. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. १९२४च्या जी टाइप मागात तर माग न थांबवता धोटा बदलला जायचा, आणि एक माणूस वीसपेक्षा जास्त माग सांभाळायचा. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. कापडाच्या यंत्रांत इंग्लंड त्या काळी जगाचा गुरू, आणि तो गुरू जपानकडे आला. साकिचींचा मुलगा किइचिरो याने १९३३ला मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला. १९३६ला एए नावाची पहिली प्रवासी गाडी बाहेर पडली, १९३७ला वेगळी मोटार कंपनी झाली.

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "धागा तुटला हे त्या मागाला कळतं कसं?" मग त्यांना चित्र काढून दाखवलं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पत्र्याची एक पट्टी लटकलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. तुटला की पट्टी खाली पडते आणि माग बंद. वडील त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले होते.

आपल्याकडे ही कंपनी आली ती किर्लोस्करांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, १९१०ला किर्लोस्करवाडी उभी केली, हे तुम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको. त्यांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर. त्यांची टोयोडा मंडळींशी सोबत कापडाच्या यंत्रांतून जुळली आणि १९९७ला बंगळुरूजवळ बिडदीला मोटारीची कंपनी निघाली. माझ्या मते तिथे दोन घरंदाज कारखानदार एकमेकांना ओळखूनच भेटले.

२००० साली क्वालिस आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. दिसायला चौकोनी, जुनाट. इंडोनेशियात किजांग नावाने चालणारी गाडी आपल्यासाठी बदलून आणलेली. २.४ डिझेल, ताकद ७५ हॉर्सपॉवर, मागे पाटे. पण पहिला धंदा टुरिस्टवाल्यांनीच दिला, कारण दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन ती रोज उठायची. २००३च्या सिंहस्थात मी क्वालिसच चालवत होतो. रात्री मुंबईहून भाविक आणायचे, पहाटे रामकुंडाच्या अलीकडे जिथे गाड्या अडवत तिथे सोडायचे आणि परत फिरायचं. इंजिन थंड व्हायला वेळच मिळत नव्हता.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. कसारा घाट चढताना पाऊस होता, गाडी भरलेली. टेम्परेचरचा काटा रोज जिथे असतो त्याच्या किंचित वर दिसला. लाल पट्टीपासून खूप लांब होता, दुसऱ्या कुणाचं लक्षही गेलं नसतं. मी गाडी डाव्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. भाविक वैतागले, मुहूर्त चुकेल म्हणून ओरडले. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरच्या होजची क्लिप सैल झालेली आणि पाण्याची बारीक धार इंजिनावर उडत होती. दोन दिवस आधी एका गॅरेजात होज काढला होता, तिथे क्लिप नीट आवळली नव्हती. थंड होऊ दिलं, क्लिप आवळली, पाणी भरलं, निघालो. तसाच घाट चढवला असता तर हेड गॅस्केट गेलं असतं आणि पुढे हेडच वाकलं असतं. मग त्याच क्वालिसला मी लोकांसमोर "बेकार गाडी" म्हटलं असतं.

म्हणून सांगतो, इंजिन दणकट आहे यात शंका नाही. आमच्या इनोव्हाने इंजिन न खोलता चार लाख किलोमीटर केले. पण "टोयोटा मरत नाही" या भरवशावर तेल लांबवणारे, काटा वर गेला तरी दामटणारे मालक खूप बघितले, आणि त्यांच्या गाड्या दीड लाखातच मेल्या. तू कंपनीपेक्षा आधीच्या मालकाकडे बघ.

आता दोन गाड्या. २.५च्या इंजिनाला टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, पट्टा आहे, साखळी नाही. क्रिस्टाच्या २.४ला साखळी आहे. पट्टा ठरलेल्या किलोमीटरवर बदलावाच लागतो. तो तुटला तर चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च लाखाच्या गोष्टी करतो. शिक्षकांना एकच विचार: पट्टा कधी बदलला, बिल आहे का? सोबत वॉटर पंप आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बदलला का? २ लाख १० हजारावर हे बिल असायलाच हवं. बिल दाखवलं तर मीटरला घाबरू नको. माझ्या मिस्त्रीने एकदा उतरवलेला पट्टा हातात उलटा वाकवून दाखवला होता. वरून काळाकुळकुळीत, नवा वाटावा असा. वाकवल्यावर दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा.

दिल्लीच्या गाडीचं गणित वेगळं आहे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली होती आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली होती. म्हणून त्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण पाच लाखांवर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एनओसी, नवीन नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही. आणि ९० हजाराचं मीटर मी मानणार नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघ, स्टेअरिंगचा वरचा भाग बघ, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघ. रबर गुळगुळीत झालं असेल तर मीटर खोटं. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा जुना हिशेब काढता येतो, तो काढ.

बघायला सकाळी लवकर जा. सांगून ठेव की गाडी आधी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेव, गरम असेल तर चहा पिऊन ये. गार इंजिन सुरू केल्यावर क्षणभर धूर येईल तो चालेल, निळसर धूर येत राहिला तर सोडून दे. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून बघ. थोडी वाफ ठीक, पण झाकण थडथड उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजेक्टर महाग असतात, त्यामुळे इंजिन एकसारखं फिरतंय का ते कान देऊन ऐक. मग गाडी वर घेऊन खालची चेसिस बघ. ही गाडी चेसिसवर बसलेली आहे, तिथे वेल्डिंग दिसलं तर पुढे काहीच बघायची गरज नाही.

मी असतो तर शिक्षकांची घेतली असती. जो माणूस रुपया सोडत नाही त्याला आपण गाडीसाठी काय केलंय ते माहीत असतं.

अंबड_क्वालिटी

काकांनी मागाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. मी अंबडला पार्ट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटी बघतो. तो थांबणारा माग आमच्या रोजच्या कामात आहे. टोयोटाच्या लाइनवर कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, वर दिवा लागतो, सुपरवायझर धावतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत सुटलं नाही तर लाइन थांबते. हे सगळं बसवणारे ताइइची ओहनो, तेही आधी टोयोडांच्या कापड गिरणीतच होते. बिघाड का झाला हे पाच वेळा "का" विचारून मुळापर्यंत जायची पद्धतही तिथलीच.

आमच्याकडे पूर्वी लाइन थांबवणारा माणूस गुन्हेगार ठरायचा. आता बदलतंय, आणि बदलायलाच हवं. ३१ जुलै २०२४ला टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केलाय. तो कारखाना उभा राहिला तर नाशिकच्या छोट्या युनिटना काम मिळू शकतं, पण ही शिस्त असेल तरच.

गंगापूररोड_आई

सगळे इंजिनावर बोलताय, मी माणसांवर बोलते. आमच्याकडे त्याच काळातली इनोव्हा आहे, सासूबाईंना घेऊन महिन्यातून एकदा तरी पुण्याला जाणं होतं. मधल्या सीटवर त्यांना चढ-उतार सोपा पडतो, पाठ दुखत नाही, मागच्या रांगेलाही एसीची हवा पोचते. पण तेव्हाच्या सगळ्या व्हेरियंटना एअरबॅग नव्हत्या. तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्यांत आहेत का, किती आहेत, ते प्रत्यक्ष बघा. मागच्या सीटचे बेल्ट बहुतेक गाड्यांत सीटखाली गेलेले असतात. ते काढा, ओढून बघा, बकल लागतं का बघा. पुतणी लहान असेल तर चाइल्ड सीटसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.

टायरची तारीखही वाचा. समृद्धीवर जाणार असाल तर जुन्या टायरवर अजिबात जाऊ नका, वरून नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी.

द्राक्षबाग_पिंपळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, शिक्षकांना फोन केला. त्यांनी फाइलच काढून ठेवली आहे. पट्टा, वॉटर पंप, टेन्शनर, तिन्हींचं एकत्र बिल आहे, १ लाख ४० हजार किलोमीटरला बदललेलं. ताई, एअरबॅग समोर दोन आहेत. टायर मात्र सहा वर्षांचे निघाले, ते बदलावे लागतील.

एकच शंका. २०१२ची गाडी म्हणजे २०२७ला पंधरा वर्षं भरणार, ऐन सिंहस्थात. तेव्हा काय?

मालेगाव_ते_मुंबईनाका

आरसी बुकावर नोंदणी कधीपर्यंत आहे ती तारीख बघ. त्याआधीच पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवून फिटनेस करायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, पुढची पाच वर्षं मिळतात. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकून टाक, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नको.

बिल १ लाख ४० हजार किलोमीटरचं म्हणजे पट्ट्याला अजून अवकाश आहे. टायरचे पैसे व्यवहारातून वजा करायला सांग, त्यावर शिक्षक ऐकतील असं वाटतं. आणि नाव ट्रान्सफर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नको. रविवारी सकाळी बघायला जाणार असशील तर कळव, माझा मिस्त्री द्वारकेजवळच राहतो, त्याला सोबत पाठवतो.