अनुभव धागा : विज्ञानयुगात धर्माची गरज उरली आहे का?

वीज का पडते, साथ कशी पसरते, माणूस कसा उत्क्रांत झाला, हे जाणून घेण्यासाठी धर्मग्रंथ उघडण्याचे कारण आता उरलेले नाही. तरीही धर्म टिकून आहे. तो केवळ सवयीने टिकला आहे, की दुसऱ्या कोणाला न जमणारे एखादे काम तो अजून करतो आहे, हे नुसत्या तत्त्वचर्चेतून कळणार नाही. म्हणून येथे मतांपेक्षा अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

भौतिकशास्त्राचा शिक्षक

विश्वाच्या उत्पत्तीचा पाठ आला की महास्फोट कोणी घडवला, हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. तेव्हा मी जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी सांगतो. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ मध्ये समीकरणांतून दाखवणारे आणि १९३१ मध्ये आदिम अणूची, म्हणजे महास्फोटाच्या सिद्धान्तामागची मूळ, कल्पना मांडणारे हे शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी आधुनिक विश्वशास्त्रातून सृष्टिनिर्मितीला दुजोरा मिळतो, अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे आणि देव नाकारणाऱ्यालाही तो तितकाच खुला आहे, अशी त्यांची भूमिका होती. मी स्वतः कोणतीही उपासना करत नाही, पण अशा श्रद्धेपासून विज्ञानाला धोका आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक शोध आमच्या ग्रंथात आधीच होता असे सांगणारे मात्र विज्ञानाचाही अवमान करतात आणि ग्रंथाचाही.

असाध्य आजारांच्या रुग्णांवर उपचार करणारी डॉक्टर

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे असाध्य आजारात अखेरची शुश्रूषा करणारे केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. वेदना शारीरिक असते तशीच मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते, हे त्यांचे म्हणणे माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे. वेदना परत उसळण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने मॉर्फिन दिले तर बहुतेकांना आराम पडतो. एका वृद्ध गृहस्थांना मात्र मात्रा वाढवूनही तो पडेना. आपला कर्करोग ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आजार हा शिक्षा नसतो, हे मी त्यांना अनेकदा समजावले, पण ते माझ्याकडून त्यांना पटण्यासारखे नव्हते. त्यांच्याच धर्माच्या उपदेशकाने शेजारी बसून, त्यांचे सगळे ऐकून घेऊन तेच सांगितले, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी शांत झोपले. ज्या श्रद्धेने त्यांना छळले, तिनेच सोडवले. यातला कोणताही अर्धा भाग गाळून मला ही हकीकत सांगता येत नाही. त्याच सुमारास गणित शिकवणाऱ्या एक बाई दाखल होत्या. त्यांना प्रार्थना नको होती, कोणी सांत्वन करायला आलेलेही नको होते. त्यांना आपल्या विद्यार्थ्यांशी एका अर्धवट राहिलेल्या सिद्धतेविषयी बोलायचे होते, आणि त्या त्याच समाधानात गेल्या. त्यामुळे शेवटी प्रत्येकाला देव आठवतोच, हे विधान मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

मधुमेही रुग्णाचा भाऊ

१९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिले गेले. त्याआधी माझ्या भावाला झालेल्या प्रकारच्या मधुमेहातून मूल वाचत नसे. एका धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून घरच्यांनी त्याचे इन्सुलिन थांबवले आणि तो बेशुद्ध झाल्यावरच त्याला रुग्णालयात नेले. तो वाचला. धर्म आधार देतो हे मला मान्य आहे, पण आधार देणाऱ्याला औषधावर हुकूम चालवू देता कामा नये.

श्रद्धा सोडलेल्या घरातली मुलगी

आमच्या वडिलांनी कोणताही विधी करू नका असे बजावले होते आणि आम्ही ते पाळले. मात्र अंत्यसंस्काराला जमलेल्यांना कधी बोलावे, कधी उठावे, काय म्हणावे हे कळेना, आणि सगळे ओशाळल्यासारखे पांगले. पुढे वाचनात आले की धर्माला विरोध करणाऱ्या सोव्हिएत राजवटीलाही विवाहासाठी समारंभाची खास सभागृहे उभारावी लागली आणि त्यातले पहिले लेनिनग्राडला १९५९ मध्ये उघडले. देव वगळता येतो, विधी वगळणे त्याहून कठीण आहे. आईच्या वेळी आम्ही क्रम आधीच ठरवला: कोण बोलेल, कोणते उतारे वाचायचे, किती वेळ स्तब्ध उभे राहायचे. त्यात कोणत्याही धर्माचे काही नव्हते, आणि लोक बराच वेळ थांबून तिच्याविषयी बोलत राहिले.

दारू सोडलेला एक नास्तिक

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ १९३५ मध्ये सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ येतो, म्हणून मी सुरुवातीला तिथे जाण्याचे टाळले. अखेर गेलो तेव्हा ईश्वराच्या जागी मी समोर बसलेल्या माणसांना मानले, आणि कोणी हरकत घेतली नाही. वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार, दारूपासून सतत दूर राहण्यासाठी या बारा पायऱ्यांवर आधारलेली, ठरलेल्या पद्धतीने राबवलेली उपचारयोजना इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरते. माझ्यापुरते तिथले नेमके काय लागू पडते ते मला ठाऊक आहे: आपले सर्वांत लाजिरवाणे बोलणेही न दचकता ऐकून घेणारी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगणारी संगत. निधर्मी लोकांनी चालवलेले असे गटही आहेत आणि ते वाढावेत असे मला मनापासून वाटते, पण मला गरज होती तेव्हा माझ्या आवाक्यात जो गट होता, तो प्रार्थनेने सुरू होणारा होता.