स्वतःच्या आवारातले झाड तोडायला किंवा छाटायला परवानगी लागते का?

प्रश्न:
आमच्या आवारात वडिलांनी लावलेले मोठे झाड आहे. त्याची एक जाड फांदी छपराला टेकली आहे आणि बुंध्याशेजारी कुंपणाच्या भिंतीला तडा गेला आहे. घरच्यांच्या मते झाड काढून टाकावे; मला मात्र ते वाचवायचे आहे. जमीन आमची असूनही नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते का? नुसती फांदी छाटायची असेल तर नियम वेगळे असतात का?

उत्तर १:
जमीन आपली असली म्हणून झाड तोडण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. बुंधा ठरावीक मापापेक्षा जाड असेल किंवा झाड संरक्षित जातीचे असेल, तर पुष्कळ ठिकाणी खासगी आवारातही लेखी परवानगी बंधनकारक असते. छाटणीला काही ठिकाणी सवलत असते, तीही मर्यादेपुरतीच. नियमात घेर सांगितला आहे की व्यास, हे आधी नीट वाचा, कारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. माप सहसा जमिनीपासून १.३ ते १.४ मीटर उंचीवर घेतात. अर्जासोबत छायाचित्रे आणि घरापासूनचे अंतर दाखवणारा साधा नकाशा जोडा. तोंडी होकारावर विसंबू नका.

उत्तर २:
तडा मुळांमुळेच गेला, असे गृहीत धरू नका. उथळ पाया, खचलेली माती किंवा गळकी जलवाहिनी यांमुळेही भिंत तडकते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरांतच पसरतात, त्यामुळे भिंतीलगत हाताने अलगद उकरले तरी पुष्कळसा उलगडा होईल. बुंध्याजवळचे जाड मूळ मात्र तोडू नका; त्याने झाडाचा आधारच जातो.

उत्तर ३:
परवानगी मिळाल्यावर छाटणी कशी होते, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या, ही कळकळीची विनंती. आमच्या झाडाचा कामगारांनी सरळ शेंडाच उडवला. पुढे त्या कापावर झाडूसारखे कोंब फुटले आणि वाऱ्यात तेच मोडून पडू लागले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडा असते. काप त्या कडेच्या लगेच बाहेर घ्यावा; कडा कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. जड फांदी आधी थोडी पुढे खालून अर्धवट कापावी, मग वरून, आणि उरलेला खुंट शेवटी काढावा, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिले आहे की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही; झाड ती आतून बंदिस्त करते आणि वरून नवे लाकूड धरते. म्हणून एक चुकीचा काप झाड आयुष्यभर वागवते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आज टेप लावला. घेर १२६ सेंटिमीटर भरला, आणि आमच्याकडील नियमानुसार परवानगी लागणारच. छपराला टेकलेल्या फांदीवर घरटे आहे, त्यात पिल्ले आहेत. अर्ज तेवढ्या एका फांदीपुरता करतो आहे, आणि पिल्ले उडून गेल्यानंतरच छाटणी करू, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भिंतीलगत उद्या उकरून पाहतो.