ऑफिसचं मॉडेम: फोनला टोन आहे, मॉडेमला नाही

*सोसायटी ग्रुप, इंदूर*

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. ऑफिसला रंग दिल्यावर संगणक परत मांडला, तेव्हापासून फॅक्स जात नाही. विंडोज ९८ आहे, मॉडेम (टेलिफोनच्या लाइनवरून फॅक्स पाठवणारा डबा) बाहेरचं, सीरियल केबलवालं. पडद्यावर 'नो डायल टोन' येतं. शेजारच्या फोनला मात्र टोन स्वच्छ आहे. लाइनची तक्रार टाकू का?

बी-३०२ (काका): तक्रार नको. आधी एवढंच पाहा: डायल करताना मॉडेममधून 'टक्' असा आवाज येतो का? आणि 'ओएच' (ऑफ हुक, म्हणजे लाइन उचलली) लिहिलेला दिवा लागतो का?

ए-१०१: टक् येतो, दिवाही लागतो. मग नुसती शांतता. थोड्या वेळाने तोच संदेश.

सी-२०४ (ताई): मग सीरियल केबल, कॉम पोर्ट (संगणकाचं सीरियल सॉकेट) आणि ॲडॉप्टर तिन्ही ठीक आहेत. संगणकाची आज्ञा मॉडेमपर्यंत पोचल्याशिवाय तो टक् होत नाही. आता फक्त टेलिफोनची बाजू बघायची.

बी-३०२ (काका): बरोबर. मॉडेमच्या मागे एकसारखी दोन सॉकेटं आहेत, एकावर 'लाइन' आणि दुसऱ्यावर 'फोन'. टॉर्च घेऊन छापलेलं वाचा. भिंतीकडून आलेली वायर कुठल्या सॉकेटात आहे?

ए-१०१: 'फोन'मध्ये आहे काका. आणि टेलिफोनची वायर 'लाइन'मध्ये. पण मग फोनला टोन कसा येतो?

बी-३०२ (काका): मॉडेम निवांत असतं तेव्हा ही दोन्ही सॉकेटं आतून एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून वायरी उलट घातल्या तरी फोन चालतो. मॉडेमने लाइन उचलली की आतला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) 'फोन' सॉकेट तोडून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी रिसीव्हर उचलला तरी बोलण्यात अडथळा नको. तुमचा टक् तोच. त्या क्षणी भिंतीकडची लाइनच तुटते, कारण ती बसलीय 'फोन'मध्ये. काही मॉडेमांत हा रिले नसतो, तिथे उलट वायरीही चालून जातात. रंगाच्या गडबडीत नेमकी हीच चूक होते.

सी-२०४ (ताई): वायर बदलताना तिच्या टोकाच्या पिनची क्लिप बघा. क्लिप तुटली असेल तर पिन बसल्यासारखी दिसते, पण तारेचा स्पर्श होत नाही. आत बसल्याचा बारीक आवाज यायला हवा. पिनमध्ये दोन तारा असोत की चार, काम मधल्या दोघींचंच. आणि ही पिन नेटवर्कच्या मोठ्या सॉकेटातही सैलसर शिरते, तिथे अजिबात घालू नका. रिंग येतानाचा विजेचा दाब नेटवर्क कार्डाला बाधू शकतो.

बी-३०२ (काका): मल्टिमीटर असेल तर भिंतीच्या रोझेटवर (टेलिफोनच्या डबीवर) डीसी मोजा. फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास, उचलल्यावर साधारण ६ ते १० व्होल्ट. रिंग वाजताना उघड्या तारांना हात नको, ७५ व्होल्टच्या पुढचा एसी असतो, चांगला झटका बसतो.

डी-४०१ (दादा): आमच्याकडच्या जुन्या मशीनवर टक् पण होत नाही. मॉडेमचे दिवे लागतात. काय बघू?

सी-२०४ (ताई): हायपरटर्मिनल (विंडोजमधला, मॉडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम) उघडा. कॉम-१ निवडा, ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. 'एटी' (मॉडेमला हाक मारायची आज्ञा) टाइप करून एंटर. 'ओके' आलं तर केबल बरी आहे. कचरा अक्षरं आली तर वेग जुळत नाहीये. काहीच आलं नाही तर केबल तपासा. संगणकाकडे ९ पिनांची नर बाजू असते, मॉडेमकडे २५ पिनांची मादी. दोन संगणक जोडायची उलटी केबल इथे चालत नाही. सरळ केबलमध्ये मीटरने बघितलं तर ९ पिनांच्या टोकाच्या २ नंबरवरून २५ पिनांच्या टोकाच्या ३ नंबरला, ३ वरून २ ला आणि ५ वरून ७ ला तार जाते. हे उलटं वाटतं, पण दोन्हीकडचे आकडे वेगळे आहेत, तेच बरोबर आहे. आणि केबलचं २५ पिनांचं टोक संगणकाच्या प्रिंटर सॉकेटातही बसतं. तिथे नाही ना लावलंत?

डी-४०१ (दादा): ताई, प्रिंटरवालाच निघाला. आता 'ओके' येतंय!

ए-१०१: वायरी बदलल्या. टोन आला, नंबर लागला, समोरून शिट्टीही आली. पण अर्ध्या पानावर तुटतं.

बी-३०२ (काका): तुमची लाइन जुन्या तांब्याच्या तारेने येते की फायबरच्या डब्यातून?

ए-१०१: फायबरच्या डब्यातून. लाइन गेल्या वर्षी बदलली.

बी-३०२ (काका): मग कारण हेच. डबा आवाजाचे तुकडे करून पाठवतो. बोलण्यात एखादा तुकडा हरवला तर कळतही नाही, फॅक्सला मात्र लगेच कळतं. फॅक्सच्या सेटिंगमध्ये वेग १४४०० वरून ९६०० करा आणि 'एरर करेक्शन' (चुकलेला भाग परत पाठवायची सोय) बंद करा. तेवढ्याने नाही भागलं तर ४८००. डब्यापासून मॉडेमपर्यंतची वायर लांब असेल तर छोटी घ्या. मध्ये जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) राहिला असेल तर तोही काढा, आता त्याचं काही काम नाही.

सी-२०४ (ताई): कॉल डायव्हर्ट चालू असेल तर तुटकतुटक टोन येतो, मॉडेम त्याला टोन मानत नाही. मग सुरुवातीच्या आज्ञेत 'एटीएक्स३' घाला, ते टोनची वाट न बघता डायल करतं. बिझी मात्र ओळखतं.

ए-१०१: ९६०० ला गेलं. दोन्ही पानं, समोरून पावतीही आली. छोटी वायर कुठे मिळेल?

बी-३०२ (काका): जेल रोडला. दोन्हीकडे पिन असलेली एक मीटरची मागा.

सी-२०४ (ताई): आणि मॉडेमचा ॲडॉप्टर बदलायचा झाला तर छापलेलं वाचून घ्या. पुष्कळ बाहेरच्या मॉडेमांना ९ व्होल्ट एसी लागतो, राउटरचा डीसी ॲडॉप्टर पिनेत बसला तरी नको.

बी-३०२ (काका): आज राऊच्या बाजूला विजा दिसताहेत. फायबरमधून वीज येत नाही, पण ॲडॉप्टरच्या वाटेने येते. निघताना डबा, मॉडेम आणि संगणक, तिघांचे प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून पुरत नाही.

ए-१०१: काढतो काका. दोन्ही सॉकेटांजवळ मार्करने 'भिंत' आणि 'फोन' लिहून ठेवलंय.