परवाना की परवानगी?

(बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी बेळगाव परिसरातले त्यांचे भाग दिलेत.)

प्रश्न (टिळकवाडी): भाच्याला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, विमान देखभाल अभियंत्याचं बी1.1 लायसन मिळालं. पेढे देताना म्हणाला, "मामा, लायसन आलंय, खरं सही करूस परवानगी नाही अजून." (हे 'खरं' म्हणजे आपलं बेळगावी 'पण'. पुणेकरांनी गोंधळू नये. 'करूस' म्हणजे 'करायला', नि सही म्हणजे देखभालीनंतर विमान उडायला ठीक असल्याची.) लायसन म्हणजे परवाना. परवाना म्हणजे परवानगीच ना? मग मिळालं काय नि राहिलं काय?

शहापूर: घोळ बेळगावातल्या कन्नड पाट्यांचा आहे. कन्नडात लायसनलाच 'परवानगी' म्हणतात, गाडीचं लायसन म्हणजे 'चालना परवानगी'. रोज तेच वाचून आपल्याला मराठीतला फरक जाणवेनासा झालाय. मराठीत परवाना हा कागद आणि परवानगी ही मुभा. सिनेमाला जायला आईची परवानगी लागते, परवाना नव्हे. महाराष्ट्रात आरटीओनं 'अनुज्ञप्ती' आणली, ती अर्जातच राहिली.

सांबरा: भाचा अचूक बोलला. मी हँगरमध्ये उमेदीची वर्षं काढली. लायसन डीजीसीएच्या सीएआर-66 या नियमाखाली मिळतं. बी1 म्हणजे सांगाडा नि इंजिन, बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), 1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं. हा झाला परवाना. खरं ए320 या प्रवासी विमानावर सही करायची तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाची पात्रता, लायसनवर चढावं लागतं आणि वर देखभाल संस्थेनं सीएआर-145 या नियमाप्रमाणे स्वतःचं अधिकारपत्र द्यावं लागतं. ही परवानगी. नोकरी सोडली की अधिकारपत्र तिथंच राहतं, लायसन तेवढं खिशात येतं. आणखी एक मेख आहे. मागच्या 24 महिन्यांत 6 महिने काम केलेलं नसेल तर लायसनची मुदत असूनही सही चालत नाही. परवाना जागा, परवानगी झोपलेली!

उद्यमबाग: तुम्ही दोघं कागदांतच अडकलात. आमच्या फौंड्रीत तिसरा शब्द आहे, 'हात बसणे'. क्रियापद बघा. परवाना मिळतो, परवानगी मिळते, हात मात्र बसतो. तो देणारा कुणी नसतो. 'कौशल्य' म्हटलं की मला सरकारी जाहिरातच आठवते. 'हातखंडा'ही इथं बसत नाही, त्यात थोडी मिरवणूक आहे.

सांबरा: मान्य. लॉकवायरचंच घ्या, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार. दोन बोल्टांमधली पिळलेली तार बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेनं ओढून धरायला हवी. उलटी घातली तर दिसायला सुबक, कामाला शून्य. परीक्षेत याचं उत्तर सगळे बरोबर लिहितात. प्लायर हातात दिला, त्यात बोल्ट आरशात बघून गाठायचा असला, की कळतं कुणाचा हात बसलाय.

टिळकवाडी: भाच्याला फोन केला. काल त्याची तार दोनदा कापायला लावली, तिसऱ्यांदा ठेवली. म्हणाला, "बसूलालाय (बसतोय) हात, मामा."